नागअळीचा माग

लाझारो एन्सीनासला शेताचं दुखणं वरून कळायचं. खाली बांधावर उभा असलेला शेतकरी पान उलटंपालटं करून बघत बसायचा, तोवर हा आपल्या पिवळ्या विमानातून एक घिरटी मारून सांगून मोकळा व्हायचा, "मधे पाणी कमी पडलंय, आणि कालव्याच्या अंगाला नागअळी शिरलीय." नागअळी लागलेल्या कपाशीचा रंगच निराळा. हिरव्यावर कुणी राख भुरभुरावी तसा. अळी आधी पानाच्या पोटात शिरते, दोन पापुद्र्यांमधून पोखरत वेडीवाकडी जाते. मग अंगानं भरली की बाहेर येऊन त्याच पानाला भोकं पाडते, आणि पंधरवड्यात अख्ख्या शेताचा नुसता जाळीदार सांगाडा उरतो.

पालो सेकोच्या खोऱ्यात फवारणीचं विमान एकच, लाझारोचं. हट्टी घोडीसारखं ते कधी सुरू व्हायचं, कधी नाही, म्हणून त्यानं त्याचं नाव 'हट्टी' ठेवलेलं. उन्हाळा चढला की त्याला दाढी करायला फुरसत नसायची. बोंडअळीसाठी फवारणी झाली की मागोमाग नागअळी हटकून उसळायची. मग नागअळीसाठी फवारणी. मग आणखी कशासाठी तरी. एक फवारणी दुसरीला आवतण धाडायची आणि लाझारोचा फोन वाजत राहायचा. असं का होतं, हे त्यानं कधी खोदून पाहिलं नव्हतं. विहिरीला पाणी आहे तोवर तिच्यात कोण वाकून बघतो!

त्या वर्षी मार्चमध्ये, एका रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तो आणि एर्मिनिया चोन वालेन्सुएलाच्या घरी जेवायला गेले. चोन आणि लाझारो लहानपणी एकाच कालव्यात डुंबलेले. तरुणपणी एकमेकांना आईवरून शिव्या दिल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू व्हायचं नाही. पण चोनच्या मुलीला, अम्पारोला, बाप्तिस्म्याच्या वेळी लाझारोनं हातावर घेतलं आणि दोघं कोंपाद्रे, म्हणजे धर्मानं जोडलेले भाऊ, झाले. कोंपाद्रे झालं की अरे-तुरे संपतं, ही त्या खोऱ्यातली जुनी रीत. कालपर्यंतचे दोघे गुंड दुसऱ्या दिवशी "तुम्ही बसा", "आधी तुम्ही घ्या" करायला लागले तेव्हा एर्मिनिया हसून हसून बेजार झाली होती. पण ती रीत दोघांनी पुढं कधी मोडली नाही.

अंगणात मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर मांस भाजत होतं. चोनची बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. पोळ्या आता अम्पारोच थापायची, हातभर रुंद आणि पलीकडचं दिसेल अशा पातळ. अम्पारो सव्वीस वर्षांची. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनं तिला पिकं तपासायच्या कामावर घेतलं होतं. गळ्यात भिंग अडकवून ती दिवसभर सऱ्यांमधून चालायची.

"कोंपाद्रे, तुम्हाला एक सांगायचं होतं," चोन मांस उलटत म्हणाला. नजर निखाऱ्यावर. "यंदा नवी सरकी पेरतोय."

"पेरा की. दरवर्षी पेरताच."

"तशी नव्हे. हिच्या पानातच अळीचं मरण ठेवलंय. अळीनं चावा घेतला की खलास. बोंडअळी काय, नागअळी काय."

"कुणी ठेवलंय?"

"प्रयोगशाळेत. मातीत एक जंतू असतो म्हणे, त्याचा गुण काढून कपाशीत घातलाय."

लाझारोनं हातातली पोळी खाली ठेवली. "आणि फवारणी?"

चोन निखारे सारत राहिला. शेवटी अम्पारोच पुढं झाली. "पांढऱ्या माशीसाठी लागली तर एखादी, पाद्रीनो. एरवी नाही." ती त्याला पाद्रीनोच म्हणायची, धर्मपिता.

"म्हणजे ही अक्कल तुझी."

"अक्कल विद्यापीठाची. मी नुसती घरी आणली."

लाझारो उठला. खुर्ची मागं पडली ती त्यानं उचलली नाही. "चोन, तू मला घरी बोलावतोस, ताटात वाढतोस, आणि वर माझ्याच पोटावर पाय देतोस?"

त्या 'तू'नं अंगण गार पडलं. इतक्या वर्षांत तो शब्द त्या दोघांमध्ये आला नव्हता. चोननं चिमटा खाली ठेवला. लाझारो गाडीत जाऊन बसला. एर्मिनियानं जाताना अम्पारोच्या गालावर हात फिरवला, तेवढंच.

 घराच्या फाटकाशी गाडी थांबल्यावर एर्मिनिया म्हणाली, "मी शेतकऱ्यांच्या संतापुढं, सान इसिद्रोपुढं, मेणबत्ती लावणार आहे."

"बरं करशील. म्हणावं, माझ्या नवऱ्याचा धंदा सांभाळ."

"नाही. म्हणणार आहे, ती सरकी चांगली उगवू दे."

लाझारो तिच्याकडं बघतच राहिला. "तू माझी बायको आहेस की चोनची बहीण?"

"बायको आहे म्हणून तर. तुझे कपडे मी बाहेरच्या टबात वेगळे धुते, ते हौसेनं? ऑगस्टात कॉफीचा कप धरताना तुझा हात कसा थरथरतो ते तुला दिसत नसेल, मला दिसतं. पहाटे ते इंजिन बंद पडल्याचा भास झाला की मी दारात येऊन उभी राहते. पंचवीस वर्षं उभी राहतेय." एवढं बोलून ती गाडीतून उतरली आणि घरात गेली.

लाझारोला राग आला तो आलाच. त्यानं चोनकडं जाणं बंद केलं. गावातल्या खानावळीत शिरला की कुणी ना कुणी डिवचायचंच. सर्वांत पुढं डेल हॅगर्टी, ज्याचं शेत चोनच्या शेताला लागून होतं. "लाझारो, त्या हट्टीत आता कोंबड्या पाळ. खुराडं आयतं आहे." लाझारोही कमी नव्हता. "पाळतो. पहिलं अंडं तुझ्या टकलावर फोडतो." लोक हसायचे, तोही हसायचा, पण ताट अर्धं सोडून उठायचा.

निदान डेल जुनीच कपाशी लावत होता. बाकीचेही बरेचसे कुंपणावर बसून होते. त्यामुळे त्या उन्हाळ्यात काम होतं. जुलै उजाडला, बोंडअळी आली, हट्टी उडायला लागलं. आणि डेलच्या शेतावर फवारा टाकून वळताना लाझारोची नजर, नको म्हटलं तरी, चोनच्या शेतावर जायची.

शेत हिरवंगार होतं. एका रंगाचं, दाट. राखेचा मागमूस नाही. फक्त रस्त्याच्या कडेनं एक लांबट पट्टा करपल्यासारखा दिसत होता. आठवड्यागणिक त्याची राख वाढत चालली होती. नागअळीच, वाद नाही. लाझारोला आतून गुदगुल्या झाल्या. 'बघा, आली की नाही!'

खानावळीतही तेच चाललं होतं. चोनच्या कपाशीला देवी आल्यात, असं डेल ज्याला त्याला सांगत सुटला होता. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण गाडीचा वेग कमी करून त्या पट्ट्याकडं बघायचा.

ऑगस्टच्या सुरुवातीला चोन धावपट्टीवर आला. टोपी हातात घेऊन, पंखाच्या सावलीत उभा राहिला. गुडघा दुखत असल्यानं सगळा भार एका पायावर.

"कोंपाद्रे, रागावलेले आहात, ठाऊक आहे."

"बोला," लाझारो म्हणाला. फवाऱ्याच्या तोट्या साफ करणं त्यानं थांबवलं नाही.

"रस्त्याकडचा पट्टा बघितलात?"

"आंधळा आहे का मी?"

"तिथं जुनी सरकी आहे. नवी लावायची तर थोडी जुनी लावायची आणि तिला औषधाचा थेंब लावायचा नाही, अशी अट आहे. अम्पारो म्हणते, त्याला हात लावायचा नाही. पण लोक हसतात हो. माझ्या बापानं या रस्त्यावर कधी असलं पीक दाखवलं नाही." चोन टोपीची कड चुरगाळत राहिला. "उद्या डेलकडं येणार आहात. वळता वळता एक फेरी... तिला कळायला नको."

लाझारोला वाटलं, देवानं न्याय केला. हसू दाबत तो म्हणाला, "कोंपाद्रेंनी सांगितलं म्हणजे करायलाच हवं."

दुसऱ्या दिवशी सूर्य नुकताच डोंगराआडून वर आला होता. वारा नव्हता. डेलचं शेत उरकून टाकीत थोडं औषध शिल्लक ठेवून लाझारो रस्त्याच्या रेषेत आला. नाक खाली घातलं. चाकं कपाशीच्या शेंड्यांना लागतील इतका खाली आला, तोट्यांचा दांडा मुठीत घेतला, आणि ओढणार एवढ्यात पुढच्या सरीतून काहीतरी पांढरं वर आलं. गवती टोपी. टोपीखाली अम्पारोचा चेहरा.

दांड्यावरचा हात आपोआप सुटला. दुसऱ्या हातानं त्यानं सुकाणू छातीशी ओढलं. हट्टी ओरडलं, रस्त्याकडच्या विजेच्या तारांवरून कसंबसं निघालं, आणि लाझारोला पुढं काही वेळ फक्त आभाळ दिसत होतं. खाली ती दोन्ही हात डोक्यावर धरून आडवी पडलेली त्यानं वळताना पाहिली. मग ती उठली. मग त्यानं श्वास घेतला.

विमान धावपट्टीवर उतरवून तो खाली आला. चाकाला टेकून जमिनीवरच बसला. थोड्याच वेळात अम्पारोची गाडी धुरळा उडवत आली. दार आपटून ती समोर उभी राहिली. केसांत माती, कोपर सोललेलं.

"पाद्रीनो, मी खाली वाकून पानं मोजत होते! एवढ्या सकाळी तिथं तुम्ही काय करत होता?"

त्यानं सांगितलं. चोनचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "तुला बाप्तिस्म्याला धरलं तेव्हा तू माझ्या बाहीवर ओकली होतीस," तो मधेच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आज मी तुझ्या तोंडावर विष..."

अम्पारोचा राग कुठल्या कुठं गेला असं नाही. ती थोडा वेळ इकडून तिकडं चालली. मग गाडीतून एक पाण्याची बाटली आणि कागदी पिशवी घेऊन आली. बाटली त्याला दिली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली. पिशवीतून तिनं दोन पानं काढली.

"वरून बघता ना नेहमी? आज खालून बघा. हे सूर्यासमोर धरा."

पहिलं पान नव्या कपाशीचं. त्यानं ते धरलं. उन्हात पान पारदर्शक झालं आणि आत एक बारीक फिकट रेघ दिसली. नखाएवढी. सुरू झाली आणि थांबली.

"इथं आत शिरली, दोन घास खाल्ले, मेली," अम्पारो म्हणाली. "टोकाला ठिपका दिसतो ना, ती तीच. आता हे."

दुसरं पान पट्ट्यातलं. त्यात रेघ नव्हती, गुंता होता. एकीवर एक, वळत, फुगत गेलेल्या वाटा, कडेला भोकं, देठावर रेषारेषांचा पांढरा इवलासा कोश. पंचवीस वर्षं ज्या किड्यावर तो औषध ओतत होता, तो त्यानं असा कधी बघितलाच नव्हता. तिनं गळ्यातलं भिंग काढून दिलं. एका वाटेच्या टोकाशी अळीच्या अंगाला चिकटलेलं काहीतरी हलत होतं.

"हे काय आणखी?"

"गांधीलमाशीची पोर. गांधीलमाशी म्हणजे केवढी, तर टाचणीच्या टोकाएवढी. पानाला टोचून आत अंडं घालते, तिची पोर नागअळीला खाते. पट्ट्यात या आठवड्यात बऱ्याच दिसल्या. म्हणून तर पहाटे मोजायला आले होते." तिनं भिंग परत घेतलं. "तुम्ही बोंडअळीसाठी फवारता ना, तेव्हा आधी ह्या मरतात. नागअळी पानाच्या आत सुरक्षित. मग तिला रान मोकळं."

लाझारो ऐकत होता. एक फवारणी दुसरीला आवतण का धाडते, ते त्याला कुणी असं मातीत बसून सांगितलं नव्हतं. किंवा कुणी सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं.

"ते ठीक. पण नवीत मरतेच आहे, तर जुनीचा हा पट्टा कशाला पोसायचा? तुझ्या बापाची अब्रू घालवायला?"

"समजा, नव्या कपाशीतून एखादी अळी वाचली. लाखात एक, चिवट. तिचा पतंग झाला. आजूबाजूला सगळे मेलेले. मग तो संसार थाटणार कुणाशी? दुसऱ्या चिवटाशीच. पोरं सगळी चिवट. दहा वर्षांत ही सरकी फुकट जाईल. पण शेजारी पट्ट्यात साधे पतंग भरपूर असले, तर चिवटाची गाठ साध्याशी पडते, आणि पोरं पुन्हा मरतात."

लाझारोनं नाक पुसलं. "म्हणजे माझ्या कोंपाद्रेंनी रस्त्याच्या कडेला लग्नाचा मांडव घातलाय, आणि मी वऱ्हाडावर विष टाकायला निघालो होतो."

अम्पारोला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच.

त्या दुपारी लाझारो चोनच्या अंगणात जाऊन उभा राहिला. चोनला सगळं कळलं होतं. तो खांबाला धरून उभा होता, चेहरा मातीसारखा. "मीच सांगितलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "माझ्याच पोरीवर." लाझारोनं त्याला मिठी मारली.  मग लाझारो म्हणाला, "कोंपाद्रे, आता त्या पट्ट्याला कुणी हसलं तर मला सांगा. टाकीत त्याच्यासाठी शिल्लक ठेवलंय." दुसऱ्या दिवशी खानावळीत डेलनं देवीचा विनोद पुन्हा काढला, तेव्हा लाझारोनं त्याला हाताला धरून त्या पट्ट्यात नेलं, पान सूर्यासमोर धरायला लावलं आणि लग्नाच्या मांडवाची गोष्ट सांगितली. डेलला अर्धी समजली. पण चोनची वेचणी बघितल्यावर उरलेली अर्धी समजली, आणि पुढच्या वर्षी त्यानंही नवी सरकी आणली.

मग बाकीच्यांनी आणली. लाझारोचा फोन वाजेनासा झाला. ही गोष्ट गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पहिले दोन उन्हाळे त्याला फार जड गेले. सकाळी सवयीनं जाग यायची आणि करायला काही नसायचं. तो हट्टीचं इंजिन खोलायचा, पुसायचा, परत बसवायचा. हिवाळ्यात बार्ली आणि गवताचं बी वरून पेरायची कामं मिळाली. मग वनखात्याला डोंगरातल्या वणव्यांवर पाणी टाकणारे वैमानिक हवे होते. अर्ज एर्मिनियानंच आणला. वणव्याचं काम फवारणीहून धोक्याचं, हे तिला कळत होतं. "पण पाणी तरी आहे," ती म्हणायची. एका ऑगस्टात लाझारो अंगणात कॉफी पीत बसला होता आणि एर्मिनिया धुणं वाळत घालत होती. बाहेरचा टब केव्हाच कोंबड्यांच्या पाण्याला गेला होता. त्याचा शर्ट तिच्या झग्याशेजारी तारेवर लटकत होता. "हात बघ तुझा," ती म्हणाली. त्यानं बघितला. कप स्थिर होता.

अशी पाचेक वर्षं गेली. एका सप्टेंबरात अम्पारो दारात आली ती थकलेली. आता ती सगळ्या खोऱ्याची तपासणी बघायची. हाताखाली माणसं होती.

"पाद्रीनो, नागअळी हवीय."

"काय?"

"जिवंत नागअळी. विद्यापीठात त्यांनी पाळलेली होती, ती रोगानं मेली. दरवर्षी शेतातली आणून नव्या पानावर सोडून बघतात, अजून मरते की चिवट झाली. यंदा मिळतच नाही. सगळे पट्टे पालथे घातले. डेलचा, बाबांचा, कालव्यापलीकडचे. जुन्या कपाशीतसुद्धा नाही. जी एखाददुसरी होती ती गांधीलमाश्यांनी संपवली."

लाझारो तिच्याकडं बघत राहिला, आणि मग असा हसत सुटला की एर्मिनिया लाटणं घेऊन बाहेर आली. "अगं, जिला मारायला मी जन्म घालवला, ती आता हवी तर सापडत नाही! आणि शोधायला कुणाकडं आलीस? माझ्याकडं!"

"तुम्हाला रंग ओळखता येतो म्हणून आले. वरून."

दोघं एका मित्राच्या दोन माणसांच्या विमानातून सगळं खोरं फिरून आले. हिरवं, नुसतं हिरवं. कुठंही राख नाही. अम्पारोचा चेहरा उतरला. लाझारोला मात्र खाली उतरावंसंच वाटत नव्हतं. आपलं खोरं इतकं निरोगी त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर एर्मिनियानं राजम्याची आमटी वाढली आणि वर चिल्तेपीन चुरडून टाकली. मिऱ्याएवढी रानमिरची, जीभ जाळणारी. "संपत आली बरणी," ती म्हणाली. "हल्ली कुणी डोंगरात जातही नाही तोडायला."

लाझारोचा चमचा हातातच राहिला. लहानपणी आई त्याला याच मिरच्या तोडायला दक्षिणेच्या दरीत न्यायची. ओढ्याच्या कडेनं तिथं उंच, सडपातळ झुडपं असायची, पांढऱ्या फुलांची, बोराएवढ्या बोंडांची. आई त्याला रानकपाशी म्हणायची. आई मिरच्या तोडायची तोवर हा कंटाळून त्या झुडपांची पानं तोडत बसायचा, आणि त्या पानांवर...

"रेघा," तो म्हणाला. "अम्पारो, त्या पानांवर रेघा होत्या!"

अम्पारो सावकाश म्हणाली, "रानकपाशी. अर्थात. ही अळी मुळात तिथलीच. आपल्या खोऱ्यात कपाशी यायच्या आधी ती जगत कशावर होती?" आणि मग कपाळावर हात मारून, "पुस्तकात वाचलं होतं मी हे! पण झुडूप कुठं आहे ते पुस्तकात नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. चोनला गुडघ्यामुळं नको म्हटलं, तर तो म्हणाला, "पाच वर्षं माझ्या शेतात लग्नं लावलीत तिची. आता माहेर बघू द्या." वाट सुटल्यावर लाझारोनं त्याला एका बाजूनं आधार दिला. "सावकाश, कोंपाद्रे." "तुम्हीच पाय बघून टाका, कोंपाद्रे. तुम्हाला जमिनीवर चालायची सवय नाही."

दरी तीच होती. ओढ्यात थोडं पाणी होतं. मिरचीची झुडपं लाल ठिपक्यांनी भरलेली. आणि वळणावर, खडकांच्या कुशीत, रानकपाशी. बोटांसारखी फाकलेली पानं, त्यातली काही आताच तांबूस व्हायला लागलेली, मधे पांढरी फुलं. अम्पारो पळतच गेली. एक फांदी वाकवून तिनं पान उन्हात धरलं. दुसरं धरलं. तिसऱ्याला ती ओरडली.

लाझारो पोचला तेव्हा तिनं ते पान त्याच्यापुढं धरलं. पानात एक वाट होती, वळणावळणाची, आणि टोकाशी फिकट, बारीक, जिवंत नागअळी.

त्यांनी दुपारपर्यंत पानं गोळा केली. एका झुडपावर चार-दोन, दुसऱ्यावर एखादंच, तिसऱ्यावर काहीच नाही. अम्पारो भिंगातून बघायची आणि बहुतेकांना "गांधीलमाशी" म्हणून परत सोडून द्यायची. चोन खडकावर पाय पसरून मिरच्या तोडत बसला होता. लाझारो त्या झुडपांकडं बघत उभा राहिला. इथं कुणी कधी फवारलं नव्हतं. अळी पान खात होती, माशी अळीला खात होती, झुडूप फुलत होतं, आणि कुणीही कुणाला संपवून टाकलं नव्हतं. त्याला आपल्या पंचवीस उन्हाळ्यांची लाज वाटली का? थोडी वाटली. पण त्याहून जास्त त्याला बरं वाटलं, हे असंही असतं हे डोळ्यांनी बघायला मिळालं म्हणून. तो खाली बसला आणि पाण्यात हात बुडवले.

"किती पुरतील?" त्यानं अम्पारोला विचारलं.

"आहेत तेवढ्या पुरवाव्या लागतील," ती म्हणाली. "थोड्या इथंच राहू देऊ. घर त्यांचं आहे."

फोन आला तेव्हा ऑक्टोबर अर्धा सरला होता. खोऱ्यात वेचणीची यंत्रं फिरत होती, रस्त्याच्या कडेला कापसाचे पुंजके उडत होते. लाझारो अंगणात मिरच्या वाळवत होता. एर्मिनियानं फोन उचलून त्याला हाक मारली.

"मेल्या, पाद्रीनो!" पलीकडून अम्पारोचा आवाज इतका मोठा आला की एर्मिनियालाही ऐकू गेला. "नव्या पानावर सोडल्या, सगळ्या मेल्या! एकही चिवट नाही!"

"हे देवा!" एर्मिनियानं छातीवर क्रुसाची खूण केली. "कोण गेलं?"

"नागअळ्या," लाझारो म्हणाला, आणि फोनमध्ये विचारलं, "आणि जुन्या पानावर सोडलेल्या?"

"त्या मजेत आहेत. खाऊन खाऊन लठ्ठ झाल्यात. त्यांचेच पतंग करून पुढं पाळायचेत. बाबांना सांगा, पुढच्या वर्षीही पट्टा लावायचाय."

"सांगायला कशाला हवं? ते आता कुणाला हात लावू देणार नाहीत त्याला." लाझारो हसला. "आणि हे बघ, सप्टेंबरात पुन्हा दरीत जायचं ना? एर्मिनियाही येईन म्हणते. बरणी भरायचीय तिला."

एर्मिनियानं असं काही म्हटलं नव्हतं. पण तिनं मान हलवली, मिरच्यांचं सूप उन्हात सरकवलं, आणि आत जाऊन जुने बूट शोधायला लागली.